टाय रॉड आणि बॉल जॉइंटचे फाटलेले रबर बूट घरी कसे बदलावेत

पुढचं चाक काढून आत पाहिलं, तर स्टेअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) जिथे नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या ओतीव भागाला, जोडलेला असतो तिथे एक काळी रबरी टोपी दिसते. नकलला खालून धरणाऱ्या आर्मच्या टोकाला, बॉल जॉइंटवर, तशीच दुसरी. हेच बूट किंवा डस्ट कव्हर. आतलं ग्रीस आत आणि रस्त्यावरची धूळ-पाणी बाहेर ठेवणं, एवढंच त्याचं काम. पण ते काम थांबलं की जॉइंटचं उरलेलं आयुष्य वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजावं लागतं.

जॉइंटच्या आत स्टीलचा गुळगुळीत गोळा असतो आणि तो प्लास्टिकच्या कपात फिरतो. गोळ्यातून बाहेर येणारी दांडी म्हणजे खुंट, आणि कपाभोवतीचं धातूचं कवच म्हणजे घर. बूट फाटला की बारीक रेती ग्रीसमध्ये मिसळते, मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसते आणि गोळ्याला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पाण्याचं नुकसान त्याहून वाईट. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि मग गोळाच कप कुरतडायला लागतो. आधी रस्त्यावरच्या खड्ड्यात ‘टक’ असा आवाज, मग स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा आणि शेवटी गोळा कपातून निसटण्याची भीती. खालचा बॉल जॉइंट असा निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून हे काम करायचं की नाही याचा निर्णय रबराकडे पाहून घ्यायचा नाही, आतल्या जॉइंटकडे पाहून घ्यायचा.

इथलं वर्णन अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचं आहे. यांत टाय रॉड एंडचा, म्हणजे टाय रॉडच्या टोकाच्या जॉइंटचा, खुंट निमुळता असतो, त्यावर खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन असते. खालच्या बॉल जॉइंटचा खुंट सरळ असतो आणि नकलच्या फटीत एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. दोन्हींची सोडवण्याची रीत वेगळी आहे, दोन्हींत चुका होण्याच्या जागाही वेगळ्या.

आधी जॉइंट वाचवण्यासारखा आहे का ते पाहा

पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारी दांडी) पिळला जातो, आर्मवर ताण राहतो आणि जॉइंटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपतो. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी टाय रॉड एंडवर बोट ठेवावं. चाक हलतंय पण खुंट आणि घर एकत्र हलताहेत, तर ठीक. बोटाखाली दोघांमध्ये ‘कट’ असं जाणवलं, तर तो जॉइंट गेला. मग बारा आणि सहाच्या जागी धरून तेच करा. इथे चाकाचं बेअरिंगही हलू शकतं, त्यामुळे फरक ओळखण्यासाठी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर संशय बेअरिंगवर घ्या, तरीही राहिलं तर जॉइंटवर. शेवटी आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका जोर द्या. खालच्या बॉल जॉइंटमध्ये वर-खाली हालचाल दिसली तर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही.

दुसरी परीक्षा ग्रीसची. फाटलेल्या जागेतून बोटावर थोडं ग्रीस घ्या आणि अंगठ्याने चोळा. काळं पण मऊ असेल तर जॉइंट वाचण्यासारखा आहे, काळेपणाने काही बिघडत नाही. खरखर लागली, विटकरी रंग दिसला किंवा ताकासारखं पांढुरकं झालं असेल, तर आत रेती, गंज किंवा पाणी पोचलेलं आहे.

तिसरी परीक्षा जॉइंट सोडवल्यावर होते. खुंट हाताने सगळीकडे फिरवून पाहा. सारख्या दाबाने, न अडखळता पण थोडा जड फिरायला हवा. सोडला की आपल्या वजनाने लुळा पडत असेल, किंवा एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट लागत असेल, तर नवा जॉइंट आणा. गोळ्याच्या मानेवर नखाला लागतील असे गंजाचे खड्डे असले तरी हाच निर्णय.

फाटक्या बुटाने अख्खा पावसाळा काढलेला जॉइंट या परीक्षांतून क्वचितच पास होतो. घडीत बारीक चिरा आहेत पण त्या आरपार गेलेल्या नाहीत, ही बूट बदलण्याची खरी वेळ. त्यामुळे पाहणी मे महिन्यात करावी, म्हणजे जूनच्या पहिल्या पाण्याआधी काम उरकतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर लाल मातीच्या रस्त्यांनी रोज जाणं असेल तर दिवाळीच्या आसपास पुन्हा एकदा पाहावं.

बूट विकत घेताना

बऱ्याच दुकानांत ‘नुसतं रबर मिळत नाही, पूर्ण जॉइंट घ्या’ असं उत्तर मिळतं, आणि खालच्या बॉल जॉइंटच्या बाबतीत तर अख्खा आर्म पुढे केला जातो. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये अनेकदा बूट सुटा नसतो, त्यामुळे दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. पण मापावर विकले जाणारे सुटे बूट बाजारात असतात. जपानमध्ये ‘शाकेन’ या सक्तीच्या तपासणीत फाटका बूट असला तर गाडी नापास होते, त्यामुळे तिथे सुटे बूट बनवणारे कारखानेच आहेत. आपल्याकडे स्टेअरिंग-सस्पेन्शनचे सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन शोधावं लागतं.

व्हर्निअरने तीन मापं घ्या. पहिलं, खुंटाचा व्यास, जिथे बुटाचा छोटा ओठ, म्हणजे अरुंद तोंडाची कड, बसतो तिथे. दुसरं, जॉइंटच्या घरावरच्या खाचेचा व्यास. तिसरं, सगळं आवळलेलं असताना त्या खाचेपासून नकलच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. नव्या बुटाचं छोटं भोक खुंटापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान हवं, मोठं भोक खाचेपेक्षा थोडं लहान, आणि मोकळ्या बुटाची उंची जागेपेक्षा काही मिलिमीटर जास्त. म्हणजे बसल्यावर तो किंचित दबलेला राहतो. उंची फार जास्त झाली तर स्टेअरिंग पूर्ण वळवताना घडी चिमटीत सापडून कापली जाते. कमी पडली तर खड्ड्यात चाक खाली लटकताना ओठ खाचेतून ओढला जातो.

साहित्य निओप्रीन किंवा तेल सोसणारं दुसरं रबर असावं. साध्या नैसर्गिक रबराचा बूट पेट्रोलियम ग्रीसने फुगतो, मऊ पडतो आणि लवकर फाटतो. पॉलियुरेथेनचे बूट टिकाऊ असतात, पण ताणले कमी जातात, त्यामुळे मापात एक मिलिमीटरची चूकही त्यांना चालत नाही. उभा चिरलेला आणि नंतर चिकटवायचा बूट घेऊ नका. जॉइंट न सोडवता बसवता येतो म्हणून तो मोहात पाडतो, पण खुंट तिरका झाला की ताण त्या जोडावरच येतो.

मोठ्या ओठाची बांधणी दोन प्रकारची असते. एकात रबरावर तारेची गोल रिंग बसते. दुसऱ्यात रबराच्या आतच पत्र्याची कडी असते आणि ती घरावर दाबून बसवतात. तुमच्या जॉइंटवर कोणती आहे ते जुना बूट पाहूनच ठरवा, एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

ग्रीस लिथियम बेसचं, एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक, डब्यावर लिहिलेला असतो) घ्या. मॉलिब्डेनम असलेलंही चालतं. एका टाय रॉड एंडला पाच ते आठ ग्रॅम म्हणजे साधारण चहाचा एक चमचा लागतो, खालच्या बॉल जॉइंटला त्याहून थोडं जास्त. पुसण्यात जातं ते धरून दोन्ही बाजूंसाठी शंभर ग्रॅमचा डबा पुरून उरतो. त्याबरोबर नव्या स्प्लिट पिना हव्यात, आणि खालच्या जॉइंटसाठी शक्यतो नवा बोल्ट-नट. हत्यारांत १७ आणि १९चे रिंग पाने, सॉकेट सेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा), स्क्रू लावून दाबणारा बॉल जॉइंट पुलर, वायर ब्रश, पक्कड, धार बोथट केलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि धागे न सुटणारं फडकं.

गाडी उचलताना

जागा सपाट आणि कडक हवी. पुढची दोन्ही चाकं हवेत असतील, तेव्हा गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, कारण इंजिन जोडलेलं आहे ते त्याच चाकांना. गाडी धरून ठेवतो तो मागचा हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून लावलेले लाकडी ठोकळे. चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅकने उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालू नका. विटाही नकोत, त्या भाराखाली न सांगता फुटतात. काढलेलं चाक गाडीच्या दारांखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक काढा, कारण काम करताना नकल वळवावी लागते.

टाय रॉड एंड

नटाभोवतीची माती वायर ब्रशने झाडा आणि आटे उघडे करा. गंज सोडवणारा स्प्रे आट्यांवर मारा, रबरावर नको. दहा-पंधरा मिनिटं थांबा. स्प्लिट पिनेचे पाय सरळ करून पक्कडीने ओढा, आणि पिन तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचने बाहेर ठोका. कॅसल नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. खुंटाच्या टोकाच्या पातळीत ठेवा, म्हणजे निमुळता सांधा एकदम सुटला तरी भाग उडत नाही आणि आटेही वाचतात.

आता पुलर लावा. त्याचा स्क्रू खुंटाच्या बरोबर मध्यावर टेकवून हळूहळू आवळा. सांधा जोरात ‘टण्’ करून सुटतो, त्याने दचकायचं कारण नाही. जोर बराच होऊनही सुटत नसेल तर पुलर ताणलेला ठेवूनच नकलच्या त्या भोकाच्या कडेवर, बाहेरून, हातोडीचा एक नेमका घाव घाला. खुंटाच्या टोकावर थेट हातोडा मारण्याची सवय मात्र वाईट, आटे मशरूमसारखे फाकतात आणि नट परत चढत नाही. ठोकून सांधा फोडणारा दोन दात्यांचा फोर्क वापरण्याचा मोह होतो, कारण बूट तसाही जाणारच आहे. पण त्याचा धक्का घराच्या कडेला आणि आतल्या कपाला बसतो, आणि वाचवायचा आहे तो जॉइंटच. गॅस टॉर्चने तापवणंही टाळा, आतलं प्लास्टिक वितळतं.

टाय रॉडवरचा लॉकनट अजिबात सोडू नका. एंड नुसता नकलमधून काढून परत बसवला तर चाकांचा टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) बदलत नाही आणि अलाइनमेंटही करावी लागत नाही. एंड रॉडवर एक फेरा जरी फिरला तरी ते गणित मोडतं.

जुना बूट काढताना तारेची रिंग स्क्रू ड्रायव्हरने उचलून घ्या, चांगली असली तर जपून ठेवा. पत्र्याच्या कडीचा बूट कडेकडेने थोडा थोडा सरकवत काढावा लागतो. तो उपटताना घराच्या कडेवर ओरखडे आले तर नवी कडी तिथून पाणी आत घेते.

सफाई पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने करू नका. पातळ द्रव घाण कपाच्या तळापर्यंत नेतो आणि आत राहिलेला अंश नवं ग्रीस पातळ करतो. कोरड्या फडक्याने जुनं ग्रीस पुसा, मग नवं ग्रीस बोटाने गोळ्याभोवती दाबा, खुंट सगळ्या दिशांना फिरवा, बाहेर आलेलं पुसून टाका. दोन-तीन वेळा हेच केलं की बाहेर येणारं ग्रीस स्वच्छ दिसायला लागतं. जुनं ग्रीस जेवढं निघेल तेवढं काढणं का गरजेचं? वेगवेगळ्या बेसची ग्रीसं एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन पाझरू शकतं.

नव्या बुटात अर्ध्याहून थोडं जास्त ग्रीस भरा, काठोकाठ नाही. खुंट तिरका होताना ग्रीसला सरकायला जागा लागते. ती नसेल तर बूट फुग्यासारखा फुगून ओठ सुटतो, किंवा घडीत फाटतो. मोठा ओठ जिथे बसतो ती खाच कोरडी ठेवा, ग्रीस लागलं तर रिंगखालून ओठ घसरतो. छोट्या ओठाच्या आतून मात्र ग्रीसचा पातळ हात द्या, कारण स्टेअरिंग वळताना खुंट त्यातच फिरतो. बूट घालून मोठा ओठ खाचेत बसला का ते बोटाने सगळीकडून चाचपा. तारेची रिंग एका बाजूने खाचेत धरून, अंगठ्याने दाबत, उरलेली स्क्रू ड्रायव्हरने पुढे पुढे ढकला. घाईत रबराला टोक लागून टोचा बसतो, आणि तो बूट बसवायच्या आधीच गेलेला असतो. पत्र्याच्या कडीसाठी तिच्याच व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट घ्या आणि सरळ रेषेत दाबा, एका कडेला ठोकून ती वाकते. रिंगच्या जागी प्लास्टिकचा केबल टाय लावलेला दिसतो. घरी पोचण्यापुरता ठीक, पण त्याचं डोकं एका जागी रबर उचलून धरतं आणि तिथून पाणी शिरतं.

खुंट नकलमध्ये घालण्याआधी छोटा ओठ प्लास्टिकच्या काडीने जरा उचला आणि बूट हलका दाबून अडकलेली हवा सोडा.

यानंतरची गोष्ट सर्वांत जास्त चुकते. खुंटाचा निमुळता भाग आणि नकलचं भोक अगदी कोरडं, ग्रीसविरहित हवं. निमुळता सांधा घर्षणावर धरतो. ग्रीस लागलं तर खुंट नटाबरोबर गोल फिरतो, किंवा टॉर्क बरोबर दिसत असूनही खुंट मर्यादेबाहेर आत खेचला जातो. स्वच्छ केल्यावरही फिरत असेल तर खालून जॅकने जॉइंटला हलका दाब द्या, म्हणजे सांधा पकडतो. काही खुंटांच्या टोकाला ॲलन की घालायचं भोक असतं, तिथे धरून नट आवळता येतो.

छोट्या गाड्यांत या नटाचा टॉर्क साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क झाल्यावर पिनेचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. मागे सैल करून भोक जुळवू नका. पिन नवीच घाला, एक पाय खुंटावर आणि दुसरा नटावर वळवा.

खालचा बॉल जॉइंट

इथला आडवा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो खुंटावरच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग नकलची फट छिन्नीने किंवा पाचरीने अगदी थोडी उघडा, दीड-दोन मिलिमीटर पुरे. जास्त फाकवली तर ओतीव कानाला तडा जातो, आणि मग नकलच बदलावी लागते. आर्म टॉमीने खाली दाबला की खुंट निसटतो. दोन्ही चाकं हवेत आहेत म्हणून अँटी-रोल बार इथे आड येत नाही.

खुंट सुटला की नकल मोकळी झुलते. तिला बाहेर ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांडीचा) आतला जॉइंट गिअरबॉक्समधून निसटू शकतो, त्याने गिअर ऑइल सांडतं आणि साधं काम मोठं होतं. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर असली तर तीही ताणली जाते. तारेने नकल स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बरच्या खांबाला) बांधून ठेवा.

सफाई, ग्रीस आणि बूट बसवणं वर सांगितल्याप्रमाणेच. जोडताना खुंट नकलमध्ये पूर्ण वर जायला हवा, आणि त्याची खूण एकच: बोल्ट हाताने, न अडकता आरपार जातो. अडकला तर ठोकू नका. खुंट अर्धवट बसलाय असा त्याचा अर्थ, आणि ठोकलेला बोल्ट खाचेऐवजी खुंटाच्या अंगावर आटे घासतो. या बोल्टचा टॉर्क बहुधा ५० ते ७० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, इथेही मॅन्युअलचा आकडा अंतिम.

चाक लावण्याआधी आणि नंतर

स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा आणि टॉर्च लावून बूट पाहा. घडी कुठे चिमटत नाही, छोटा ओठ पिळला जात नाही, मोठा ओठ खाचेतच आहे. पिळला जात असेल तर छोट्या ओठाला आतून ग्रीस लागलेलं नाही, किंवा भोक फार घट्ट आहे. बूट पिळलेल्या स्थितीत सोडून दिला तर काही आठवड्यांत घडीतच चिरतो.

चाक लावून नट ताऱ्याच्या क्रमाने आवळा, गाडी जमिनीवर घेऊन टॉर्क द्या. दोन्ही बाजूंचं मिळून पहिल्यांदा तीन-चार तास धरून चाला. सावकाश फेरी मारून ब्रेक, वळण आणि आवाज तपासा. स्टेअरिंगचं चाक पूर्वीसारखं सरळ राहिलं नाही, तर टाय रॉड कुठेतरी फिरला आहे, अलाइनमेंट करूनच घ्या.

साधारण शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा आणि बुटाभोवती ग्रीसचे ओघळ आहेत का ते पाहा. ओठाशी ओलसर रेघ दिसली तर ग्रीस जास्त झालं असण्याची शक्यता जास्त. ती पुसून आठवड्याने पुन्हा पाहा. रेघ परत आली तर रिंग नीट बसलेली नाही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी बुटाच्या ओठावर जवळून मारू देऊ नका, आणि धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारू नका असं आधीच सांगा. तो थर पत्रा चमकवतो, पण रबर त्याने फुगतं.